रोज लिहायचं पेन

जुन्नरच्या मामलेदार कचेरीच्या आवारात एक कडुनिंब होता आणि कडुनिंबाखाली जलालभाई कागदी होते. दोघांपैकी आधी कोण आलं, याबद्दल गावात एकमत नव्हतं.

जलालभाई लोकांचे अर्ज लिहून देत. घराण्याचा मूळ धंदा हा नव्हे. त्यांच्या वाडवडिलांनी जुन्नरात हातानं कागद बनवला, आणि तो इतका चिवट बनवला की एकदा घेतलेला कागद फाटेना आणि लोक दुसरा घ्यायला येईनात. धंदा बसला. तेव्हा जलालभाईंनी विचार केला, कागद करून पोट भरत नाही, तर कागदावर लिहून भरतंय का बघू. भरलं. निदान भरल्यासारखं वाटत राहिलं, आणि असं वाटत राहण्यालाही आता पंचवीसेक वर्षं होत आली होती.

त्यांचा सरंजाम साधा होता. एक सतरंजी, मांडीवर घ्यायची लाकडी फळी, चार-दोन बोरू, ते तासायचा चाकू आणि वडिलांच्या हातची पितळी दौत. बोरूचं एक असतं, तहान मोठी आणि पोट लहान. दौतीत बुडवला की तीन शब्द लिहितो, फार तर चार, की पुन्हा दौत. त्यामुळं जलालभाईंचं काम एका ठरल्या चालीनं चालायचं. तीन शब्द लिहायचे, बोरू दौतीत घालायचा, काठाला टेकवून जादा शाई निथळू द्यायची आणि तोवर समोरच्या माणसाकडं चष्म्यावरून बघत म्हणायचं, "मग?"

एवढ्याशा सवडीत पुष्कळ काही होऊन जाई. साळुबाईचंच बघा. ही आंबेगावाकडची म्हातारी, शेजारणीनं कोंबडी चोरली म्हणून अर्ज द्यायला पहिल्या मोटारीनं जुन्नरला आली. "माझी कोंबडी शेजारणीने" एवढं लिहून बोरू दौतीत गेला.

"मग?" जलालभाई म्हणाले.

साळुबाईनं बोरूकडं बघितलं. टोकाला शाईचा थेंब लोंबत होता. तो पडेना.

"मंजी, चोरली आसं न्हाई," ती म्हणाली. "तिच्या अंगणात गेली."

जलालभाईंनी कोंबडीला अंगणात नेलं. बोरू पुन्हा आत.

"मग?"

"मग काय? आली की माघारी."

"कधी?"

"सांजच्याला."

अर्ज तिथं संपला. साळुबाईनं बाजारातून कोंबडीसाठी कण्या घेतल्या आणि परतीच्या मोटारीनं ती गावी गेली.

असे बरेचसे अर्ज दौतीतच बुडत. जे यातूनही तगत ते आत कचेरीत जात आणि बहुतेक मंजूर होऊन येत. याचं कारण आपलं अक्षर आहे, अशी जलालभाईंची पक्की समजूत होती. अक्षर होतंही तसंच. त्यांच्या 'मेहेरबान'मधला म बघायला लिहिता न येणारी माणसंसुद्धा थांबत.

अशात बोरी बुद्रुकहून सावळेराम आला. वय चोविशीचं, मॅट्रिकला दोनदा बसलेला आणि दोनदा उठलेला. त्यानं कडुनिंबाच्या पलीकडच्या अंगाला घडीचं टेबल मांडलं, त्यामागं स्टूल ठेवलं आणि सदऱ्याच्या खिशाला फाउंटनपेन लावून बसला. पाटीबिटी काही रंगवली नाही. खिशातलं पेन हीच पाटी.

ते पेन थांबत नसे. माणूस बोलत जाई आणि पेन लिहीत जाई. बघायला कोंडाळं जमायचं.

"लई पळतंय राव!"

"शाई कुठनं येती वो त्याला?"

"पोटातनं."

"आन मधीच संपली मंजी?"

"तवर अर्ज मंजूर व्हतोय."

पावसाळा सरेपर्यंत जलालभाईंच्या सतरंजीवर माणसांपेक्षा कडुनिंबाचा पालाच जास्त बसू लागला. पाला अर्ज देत नाही. आणि वर एके दिवशी कचेरीतले शिरस्तेदार पानाची पिंक टाकायला बाहेर आले, ती टाकून झाल्यावर परत न जाता तिथंच उभे राहिले. म्हणाले, "जलालभाई, सावळेराम, दोघंही ऐका. आवारात ही जत्रा मला चालायची नाही. दिवाळीनंतर या झाडाखाली एकच अर्ज लिहिणारा बसेल. कोण, ते तुमचे अर्ज बघून मी ठरवीन."

"साहेब, माझे अर्ज तुम्ही इतकी वर्षं बघताय," जलालभाई म्हणाले.

"म्हणून तर म्हणतो, बघू."

जलालभाईंनी घरी जाऊन ही गोष्ट बायकोला सांगितली. नूरबीनं भाकरी थापता थापता ऐकून घेतली. घरातलं बोलणं दखनीत चालायचं, पण मतलब असा होता:

"झाड तुमचं आहे का?"

"नाही."

"लोक झाडाखाली येतात का पेनाखाली?"

"हल्ली पेनाखाली."

"मग पेन घ्या. झाड आपोआप येईल."

दुसऱ्या दिवशी जलालभाई बाजारपेठेत चांदमलशेठच्या दुकानी गेले. शेठचे वडील मारवाडातून आले होते. शेठ मात्र जुन्नरातच वाढले होते आणि मराठीतच नाही म्हणत. दुकानात वह्या, पाट्या, शाईच्या गोळ्या, मुंडावळ्या, अत्तर आणि काचेच्या पेटीत फाउंटनपेनं, अशी सगळी विद्या आणि संसार एकाच गादीवरून हाताला येईल अशी मांडली होती.

"शेठ, पेन दाखवा."

"या, या. मुलीचं जमलं का?"

"नाही. मलाच पाहिजे."

चांदमलशेठनं जलालभाईंच्या पांढऱ्या दाढीकडं बघितलं. "तुमचं?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं. "नूरबीभाभींना माहीत आहे?"

"लिहायला पाहिजे, शेठ."

"लिहायला!"

"रोज."

शेठ लोडाला टेकले होते ते सरळ झाले. त्या दिवसांत जुन्नरच्या पेठेत फाउंटनपेन खपायचं ते नवरदेवांसाठी. नवरदेव मांडवात घड्याळासाठी रुसून बसायचा आणि सासरा पेनावर भागवायचा. पेन एकदा कोटाच्या खिशाला लागलं, की लग्नानंतर कोटाबरोबरच ट्रंकेत जायचं. ते लिहितं का, हे आजवर कुणी परत येऊन सांगितलं नव्हतं. शेठनंही कधी विचारलं नव्हतं.

"हे मरून," शेठ पेटी उघडून म्हणाले, "सावळ्या नवरदेवाला उठून दिसतं. हे हिरवं संगमरवरी, गोऱ्याला. आणि हे काळं बिजवराला."

"दिसायचं राहू द्या. निब कशी आहे?"

"निब आत असते. टोपण लावलं की दिसत नाही."

"टोपण काढलं तर?"

"टोपण कशाला काढायचं?" शेठनं विचारलं, पण गिऱ्हाईक जुनं होतं म्हणून काढलं.

पेन चालवून बघायला शेठनं एक कागद ठेवला होता. त्यावर तालुक्यातल्या निम्म्या सासऱ्यांचे 'श्री' होते. जलालभाईंनी कागद उलटा केला आणि पंचवीस वर्षांच्या सवयीनं लिहिलं, "मेहेरबान मामलेदार साहेब, तालुका जुन्नर, यांचे सेवेशी." पहिली निब बारीक निघाली. अक्षरं अशी उमटली, जणू अर्जदार भिंतीआडून कुजबुजतोय. मामलेदाराला वाटावं, ही चुगली आहे. जलालभाईंनी मान हलवली.

दुसरी निब जाड. तिनं तेच शब्द लिहिले, पण विनंती धमकीसारखी दिसू लागली. "यांचे सेवेशी" वाचून मामलेदारानं शिपाई बोलवावा, अशातली गत.

तिसरी मधली होती. तिच्यात खोट काढायला जागा नव्हती आणि कौतुक करायलाही नव्हती. मास्तरांच्या रजेच्या अर्जाला ठीक.

"आणखी आहे?"

"आहे एक," शेठ नाइलाजानं म्हणाले आणि काळं पेन काढलं. "पण याची निब बघा, टोक तिरकं तासलंय. कारखान्यात कुणाचा तरी हात घसरला असणार. परत पाठवायला काढून ठेवलीय."

जलालभाईंनी तिनं 'मेहेरबान' लिहिलं. म उभा राहिला. उभी रेघ भरदार, आडवी नाजूक, वळणावर बरोब्बर निमुळती. अगदी स्वतः तासलेल्या बोरूचा म. जलालभाई त्या 'म'कडं बराच वेळ बघत राहिले. घरी कुणी पाहुणा यायचा म्हणून बाहेर जावं आणि तो आपल्यालाच वाटेत भेटावा, तसं त्यांना झालं.

"हीच द्या."

"जलालभाई, वाकडी निब मी तुम्हाला विकली तर लोक काय म्हणतील?"

"टोपण लावलं की दिसत नाही, शेठ."

पेन त्यांनी बांधून दिलं आणि वर सवयीनं पुडीवर हळदीकुंकवाची चिमूट टाकली.

पेन घेऊन जलालभाई झाडाखाली बसले त्या पहिल्या दिवशी थोडी फजिती झाली. सतरंजीवर नेहमीच्या जागी दौत होती. तीन शब्द लिहून होताच हात आपणहून दौतीकडं गेला आणि पोट भरलेलं पेन पुन्हा शाईत बुडालं.

पलीकडून सावळेराम हसला. "चाचा, माशाला आंघोळ घालताय व्हय?"

कोंडाळंही हसलं. जलालभाईंनी संध्याकाळी दौत घरी नेऊन नूरबीच्या हवाली केली. तिनं ती राखेनं घासली, उन्हात वाळवली आणि तिच्यात हिंग भरला. घट्ट झाकणाचं भांडं तिला कधीचं हवं होतं.

मग मात्र जलालभाईंचं पेन सुटलं. सावळेरामचं पळायचं, हे पळायचं आणि वर सुंदर पळायचं. आठ-पंधरा दिवसांत कोंडाळं झाडाच्या अलीकडं सरकलं. पाला पुन्हा बाजूला बसू लागला. नूरबीला वाटलं, झाड आलं.

पण अर्ज वाढू लागले. म्हणजे संख्येनं वाढले तसे लांबीनंही. माणसं बोलत होती आणि पेन लिहीत होतं, आणि "मग?" विचारायला मध्ये कुठं जागाच उरली नव्हती. कोंबडी अंगणात गेली, असं माणसाला आठवेपर्यंत चोरी लिहून झालेली असे. चोरी लिहिली गेली की माणसाला आपलं खरं वाटू लागे, आणि खऱ्या माणसाला आणखी आठवतं. शेजारीण झाली की शेजारणीचा नवरा, मग त्याची आई, मग त्या आईनं कुणाच्या बारशाला घुगऱ्या कमी वाटल्या त्याची हकिगत. आणि हे सगळं अशा देखण्या अक्षरात, की एकही शब्द खोडायला कुणाचा जीव होऊ नये.

एक दिवस शिरस्तेदारांनी जलालभाईंना आत बोलावलं. पुढ्यात कागदांची चळत होती.

"जलालभाई, हा अर्ज आहे का पोवाडा?"

"अर्ज आहे, साहेब."

"मग यात हा माणूस मागतोय काय?"

जलालभाईंनी कागद घेतले. पहिलं पान चाळलं, दुसरं चाळलं. तिसऱ्यावर त्यांना स्वतःचा एक फार चांगला म दिसला. मागणी कुठं दिसली नाही.

"दिवाळी जवळ आलीय," शिरस्तेदार म्हणाले. एवढंच म्हणाले.

जलालभाई विचार करत बाहेर आले. अक्षरात दोष नव्हता. सांगणारी माणसं तीच होती. बदललं होतं ते एकच, आणि ते त्यांच्या खिशाला होतं. जलालभाईंनी निष्कर्ष काढला: निब चुकली.

ते चांदमलशेठकडं गेले आणि बारीक निब बसवून आणली. अर्ज तेवढेच राहिले, पण पानं कमी झाली. शिरस्तेदारांनी आधी चष्मा पुसला, मग बदलला, मग कागद खिडकीपाशी नेऊन विचारलं, की मुंग्यांनी कधीपासून अर्ज करायला सुरुवात केली. जलालभाईंनी जाड निब आणली. जाड निबेला एका ओळीत मोजके शब्द बसत, त्यामुळं माणसं थोडक्यात आटोपतील असा त्यांचा होरा होता. माणसांना ओळीशी काही देणंघेणं नव्हतं. कागदच संपू लागले. मधली निब आणली, तिनं काहीच घडलं नाही.

"आता काय करू, शेठ?"

"मरून घ्या," चांदमलशेठ म्हणाले.

जलालभाईंनी तिरकी निब परत बसवून घेतली. बुडायचंच असेल तर चांगल्या अक्षरात बुडू.

आणि अशा वेळी गेणभाऊ आला. हा बोरी बुद्रुकचा बागाईतदार, आवाज मोठा आणि बैल त्याहून मोठा. चैत्रातल्या यात्रेत बैलगाड्यांची शर्यत लागली होती, तिथं पाच गावच्या लोकांसमोर त्याचा साडू चिमाजी त्याच्या बैलाला म्हैस म्हणाला. गेणभाऊनं हा राग चैत्रापासून आश्विनापर्यंत भुईमुगासारखा जमिनीखाली वाढवला होता, आणि आता तो उपटून घेऊन जुन्नरला आला होता.

"लिवा, जलालभाई!" तो म्हणाला. जलालभाईंनी लिहिलं. बैलाचं नाव, बैलाच्या आईचं नाव, म्हैस शब्दानं झालेली मानहानी. मग चिमाजीच्या लग्नात गेणभाऊला जेवायला दुसऱ्या पंगतीला बसवलं ते. मग चिमाजीचा गुरांचा वाडगा गावठाणात दोन हात पुढं आलाय ते. अकरा पानं झाली.

ही बातमी बोरीला पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी चिमाजी हजर. तो झाडाच्या पलीकडं, आपल्या गावच्या सावळेरामच्या टेबलाशी बसला. त्याचा अर्ज तेरा पानांचा झाला. त्यात असं होतं, की सदर बैल शर्यतीत नुसता थांबला नसून त्यानं पंचांचं पागोटं खाल्लं. मग गेणभाऊ जोडअर्ज द्यायला आला, त्याच्यावर चिमाजी. दोघं साडू कडुनिंबाला मधे घालून पाठीला पाठ लावून बसत आणि दोन पेनं दोन्हीकडून पळत. घरी दोघांच्या बायका, सख्ख्या बहिणी, एकाच जात्यावर दळत.

शिरस्तेदार एका दुपारी दारात आले. त्यांच्या दोन्ही हातांत एकाच बैलाचे कागद होते.

"उद्या ठरवतो," ते म्हणाले. "उद्या या बैलाचं मला एकच पान पाहिजे. आणि जो कोणी पंचांच्या पागोट्याला पुन्हा हात लावील, त्यानं आपलं चंबूगबाळं उचलायचं."

संध्याकाळी जलालभाई जेवले नाहीत. नूरबीनं विचारलं तेव्हा म्हणाले, "पेन नको. उद्या बोरू घेऊन बसतो. माझी दौत दे."

"आणि हिंग कशात ठेवू?"

"पुडीत ठेव."

"उडून जाईल वास."

"माझी जागा उडून चाललीय, नूरबी."

नूरबीनं हिंग पुडीत बांधला आणि दौत पुसून त्यांच्या पिशवीत ठेवली.

सकाळी जलालभाई झाडाखाली बसले. सतरंजी पसरली, बोरू काढला, दौत जागेवर ठेवली आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की शाईची बाटली घरीच राहिली. एवढ्यात गेणभाऊ समोर येऊन बसलाही. पलीकडं चिमाजीनं टेबलाशी बूड टेकलं. कचेरीच्या दारात शिरस्तेदार पान जमवत उभे होते.

बोरू आहे, दौत आहे, पण शाई काय ती पेनाच्या पोटात. जलालभाईंनी सुस्कारा टाकून खिशातलं पेन काढलं.

"लिवा!" गेणभाऊ म्हणाला. "भर यात्रेत त्यानं माज्या बैलाला..."

"भर यात्रेत माझे," जलालभाईंनी लिहिलं. तीन शब्द झाले. समोर दौत होती. पंचवीस वर्षांचा हात होता, तो कुणाला विचारतो? पेन दौतीत गेलं, तळाला लागून 'टण्' वाजलं, काठाला टेकलं आणि निथळायला काही नसताना निथळत राहिलं.

पलीकडून सावळेराम म्हणाला, "चाचा, पुन्यांदा माशाला आंघोळ? आन तीबी बिनपाण्याची?"

जलालभाईंना ते ऐकू आलं नाही. ते चष्म्यावरून गेणभाऊकडं बघत होते. तोंडातून आपोआप शब्द गेला, "मग?"

गेणभाऊ थांबला. इतके दिवस त्याला कुणी थांबवलं नव्हतं. त्यानं पेनाकडं बघितलं, मग वाकून दौतीत बघितलं. आत काही नव्हतं. हिंगाचा भपकारा आला आणि त्याला सणसणीत शिंक आली.

"मंजी..." तो नाक पुसत म्हणाला, "बैल थांबला व्हता खरा."

जलालभाईंनी लिहिलं. "बैल थांबला होता." पेन पुन्हा दौतीत. टण्.

"मग?"

"आता थांबला मंजी... ऊन लई व्हतं, राव. आन त्याच्या म्होरं एक गाय हुबी व्हती."

झाडापलीकडं सावळेरामचं पेन पळत होतं, पण चिमाजी बोलायचा थांबला होता. तो कान देऊन बसला होता.

"मग?" जलालभाई म्हणाले.

"मंग काय? बैल म्हटल्याव गाईकडं बघनारच की! त्यात काय त्याचा गुन्हा?"

"मग चिमाजी काय म्हणाला?"

"म्हैस म्हनला."

"न्हाई!" बुंध्याआडून चिमाजीचा आवाज आला. "म्या म्हैस म्हनलो न्हाई."

पेन दौतीत गेलं. आता जलालभाईंनी मान वळवून झाडाकडं बघितलं. "मग?"

मग चिमाजी बुंध्याला वळसा घालून अलीकडं आला आणि सतरंजीच्या कडेला उकिडवा बसला. "म्हैस बी थांबत न्हाई एवढी, आसं म्हनलो व्हतो," तो खाली बघत म्हणाला.

गेणभाऊनं याचा विचार केला. "मंजी माज्या बैलाला न्हाई म्हनला?"

"बैलाला कसा म्हनंन? त्याच्या बारशाला... आपलं, तू आनला तवा नारळ म्या फोडला न्हाय का?"

"फोडला व्हता," गेणभाऊ म्हणाला. "नासका निघाला."

जलालभाईंनी हे लिहायला पेन उचललं, आधी ते दौतीत बुडवलं आणि नारळ तिथंच राहिला.

"आन पागोटं?" गेणभाऊनं विचारलं.

चिमाजीनं दारातल्या शिरस्तेदारांकडं बघितलं, मग दौतीकडं. "खाल्लं न्हाई," तो म्हणाला. "चाटलं."

जलालभाईंनी पागोट्याला हात लावला नाही.

अर्ज झाला तो असा: "मेहेरबान मामलेदार साहेब यांचे सेवेशी. यात्रेत बैल थांबला होता. ऊन होते. आम्हा दोघांची काही तक्रार नाही." खाली दोन अंगठे, शेजारी-शेजारी. दोघं साडू उठले, धोतरं झटकली आणि चहा कुणी पाजायचा यावर भांडत फाटकाबाहेर गेले.

शिरस्तेदारांनी कागद वाचला. उलटून बघितला, मागं कोरं होतं. त्यांना विश्वास बसेना, म्हणून पुन्हा उलटला.

"जलालभाई, निब बदलली का?"

"नाही, साहेब. तीच तिरकी."

"मग तीच राहू द्या," शिरस्तेदार म्हणाले. "आणि तुम्हीही."

सावळेरामनं टेबलाची घडी घालायला घेतली. जलालभाई उठून त्याला टेबल धरू लागले. हे त्यांना फार अवघड गेलं, कारण त्या टेबलाचे पाय कुठून दुमडतात हे खुद्द सावळेरामलाही नीट माहीत नव्हतं. शिरस्तेदार दोघांची झटापट बघत उभे होते.

"सावळेराम," ते म्हणाले, "दुसऱ्याचं लिहिलेलं जसंच्या तसं उतरवून काढशील का? न थांबता?"

"थांबायचं कशाला, साहेब?"

"मग टेबल आतच आण. नकला करायला माणूस पाहिजे. कागद फार तुंबलेत. त्यात निम्मे तुझेच आहेत."

अशा रीतीनं सावळेराम कचेरीत चिकटला आणि स्वतःचे तेरा-तेरा पानांचे अर्ज स्वतःच उतरवत बसला. पेन पळायचं. दुसऱ्या आठवड्यात त्यानं एकदा बाहेर येऊन जलालभाईंना विचारलं, की चाचा, मी इतकं का लिहायचो? जलालभाईंनी पेन दौतीत घातलं आणि त्याच्याकडं बघितलं. तो आत गेला.

नूरबीला दौत परत मिळाली नाही. जलालभाईंनी तिला बाजारातून हिंगासाठी पत्र्याची डबी आणून दिली. तिच्या झाकणाला फट होती. ते तिनं त्यांना पुढं पुष्कळ दिवस ऐकवलं. झाडाखाली येणारे लोक मात्र म्हणू लागले, की जलालभाईंच्या अर्जाला एक खमंग वास असतो, आणि तो मंजूर होतो.

पुढच्या वैशाखात गेणभाऊच्या मुलीचं लग्न निघालं. तो चांदमलशेठकडं आला. शेठनं काचेची पेटी उघडली आणि जावई सावळा का गोरा, असं विचारलं.

"कसलाबी आसू द्या," गेणभाऊ म्हणाला. "पेन द्या. आन त्याच्यासंगं एक दौत. रिकामी पायजे."

"माझ्याकडं सगळ्या रिकाम्याच आहेत," शेठ म्हणाले. "पण पेनाला दौत कशाला?"

"रोजच्या वापराला," गेणभाऊ म्हणाला.

लग्न बोरीला झालं. जेवणाच्या वेळी नवरदेव रिवाजाप्रमाणं रुसला. पाटावर बसला, पण ताटाला हात लावीना. वऱ्हाडी म्हणाले, घड्याळ पाहिजे. चिमाजी, म्हणजे साडूच्या नात्यानं मांडवातला कारभारी, घाबरा होऊन गेणभाऊला शोधू लागला. गेणभाऊ शांतपणे आला. ताटाशेजारी पितळी दौत ठेवली, नवं पेन टोपण काढून तिच्यात बुडवलं, काठाला टेकवलं आणि जावयाकडं बघत म्हणाला, "मग?"

नवरदेवानं पेनाकडं बघितलं. मग वाकून दौतीत बघितलं. मुंडावळ्या बाजूला करून पुन्हा बघितलं.

"मंजी," तो म्हणाला, "घड्याळच पायजे आसं न्हाई."